समजल्याशिवाय लिहायचे नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोळा झाला, गोटमार झाली, आणि आता गणपती बसले. मंडळाने आम्हाला सांगितले की कायद्यावर काहीतरी बोला. कायद्यावर बोलायला आपल्याकडे वकील मंडळी पुष्कळ आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही वकील नाही. आम्ही वकील आणि साहेब यांच्या मधल्या टेबलावरचे लोक. म्हणून त्या टेबलाबद्दलच बोलावे असे ठरवले.

आजच्या भाषणात 'आम्ही' म्हटले की ही सगळी बिरादरी समजावी. वकिलांकडचे मुन्शी, तहसिलीबाहेर बसणारे अर्जनवीस, टायपिंगवाले, रजिस्ट्रीचे सेवा प्रदाता, लोकसेवा केंद्रातली मुले-मुली, नोटरीकडे रजिस्टर भरणारा, समन्स घेऊन गावोगाव फिरणारे तामीलवाले, विधिक सेवेचे स्वयंसेवक, आणि सरकारी पगारावरचे आमच्यासारखे बाबू. माणूस न्याय मागायला निघतो तेव्हा त्याला न्यायाधीश शेवटी भेटतात. आधी भेटतो तो आमच्यापैकी कोणीतरी. वकिलांना शिस्त लावायला बार कौन्सिल आहे, आम्हा सरकारी नोकरांना १९६५ चे आचरण नियम आहेत. पण छत्री लावून बसलेल्या अर्जनविसाला कोण विचारतो? त्याची लाज त्यालाच राखावी लागते.

गणपतीपुढे बोलतो आहोत म्हणून त्याचीच गोष्ट काढतो. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपल्याला पाठ आहे. गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. लोकांच्या लक्षात पहिली अट जास्त राहते, कारण तिच्यात वेग आहे. आमच्या कामाची अट मात्र दुसरी आहे.

शाळेत आणखी एक गोष्ट सांगायचे, बाळाजी आवजी चिटणिसांची. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला सवड झाली नाही, तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदावरून सगळा मजकूर घडाघडा वाचून दाखवला. आख्यायिका आहे, आणि बाळाजींची बुद्धी मोठी होती. पण कोऱ्या कागदावरून वाचणारे तहसिलीच्या आवारातही भेटतात. कागदावर असते एक, आणि म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवतात दुसरे. त्याला कोणी चिटणीस म्हणत नाही.

आता आपल्या गावचा प्रश्न बघा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि हायकोर्ट नागपूरला होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो, आणि आपले हायकोर्ट जबलपूरला गेले. घरात मराठी राहिली, कचेरीत हिंदी आली. आम्ही त्याबद्दल तक्रार करत नाही, हिंदीने आपल्याला पोटाला दिले आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, साहेब लोक जवळ आले, हेही चांगले झाले. पण ज्याच्या नावाने अर्ज आहे तो मराठीत विचार करतो, आणि अर्ज हिंदीत लिहिला जातो. मधल्या जागेत आम्ही उभे असतो.

त्यात लिपी एकच. तेलगू माणसाला निदान कळते की हिंदी कागद आपल्याला वाचता येत नाही. आपल्याला अक्षर लागते, म्हणून अर्थही लागला असे वाटते. दोनच शब्द सांगतो. पहिला, राजीनामा. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. एखाद्या काकांना सांगितले की "तुमच्या प्रकरणात राजीनामा होऊन गेला", तर काकांना वाटते, कोणीतरी साहेब नोकरी सोडून गेला. प्रत्यक्षात त्यांच्याच सहीने खटला मिटलेला असतो. दुसरा शब्द, आपत्ती. आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट, पूर किंवा गारपीट. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. नामांतरणाच्या कागदावर लिहिलेले असते की मला कोणतीही आपत्ति नाही. म्हातारी ऐकते आणि म्हणते, "खरंच आहे, देवाच्या दयेनं काही आपत्ती नाही." आणि अंगठा देते. तिने हरकत सोडली हे तिला कळलेच नाही. शब्द खोटा नव्हता, वाचणाराही खोटे बोलला नाही. तरी ती फसली. इथे हसू येते, पण त्या अंगठ्यावर चार एकराची संत्र्याची बाग गेलेली असू शकते.

म्हणून आमच्या लोकांसाठी पहिला नियम असा की सही घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा, आणि तो त्या माणसाच्या बोलीत सांगायचा. नंतर त्यालाच विचारायचे, "काकाजी, आता तुम्ही सांगा, यात काय लिहिले आहे?" त्याने बरोबर सांगितले तर समजले. नुसती मान हलवली तर समजलेले नाही. कचेरीच्या दारात माणूस भीतीनेही मान हलवतो. या कामाला दहा मिनिटे लागतात आणि मागे रांग असते, हे आम्हाला माहीत आहे. तरी दहा मिनिटे द्यावीत.

आता एक अवघड जागा सांगतो. बहिणीच्या हक्कत्यागाची. वडील वारले, शेत भावांच्या नावावर करायचे आहे. दिवाळीला किंवा पोळ्याला बहीण माहेरी येते. साडी-चोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी दादा तिला मोटारसायकलवर बसवून तहसिलीत आणतो. "काही नाही ताई, साधा कागद आहे, सही कर." कागद आधीच टाइप झालेला असतो.

कायदा काय म्हणतो ते सांगून ठेवतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. शेतजमीनही त्यात आली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षे घोळ होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

बहिणीने हक्क सोडावा की सोडू नये? हे आम्ही सांगायचे नाही. पुष्कळ बहिणी समजून-उमजून, प्रेमाने सोडतात, माहेर टिकावे म्हणून सोडतात, तो त्यांचा अधिकार आहे. टेबलावर बसलेल्या माणसाने "ताई, सही करू नका" म्हणणे चूक, आणि "ताई, करून टाका, भावाशी कशाला वाकडं" म्हणणेही तेवढेच चूक. पण "या कागदाने या खसरा नंबरातला तुमचा हिस्सा संपतो, पुढे मागता येणार नाही" हे तिला स्पष्ट, तिच्या तोंडाकडे बघून, आणि जमले तर दादाला बाहेर चहाला पाठवून सांगणे हे कर्तव्य आहे. दादा रागावेल. तो ओळखीचा असेल, शेजारचा असेल, गणपतीची वर्गणी देणाराही असेल. रागावू द्यावे. पैसे त्याने दिले असले तरी सही तिची आहे.

कागदात काय आहे ते सांगणे आणि माणसाने काय करावे ते सांगणे, यांच्यात एक रेघ आहे. आमच्या सगळ्या कामाचा धर्म त्या रेघेवर उभा आहे. अर्जाला कोणते कागद लागतात, फी किती, पेशी कोणत्या तारखेला, नक्कल कुठे मिळते, हे आम्ही सांगू शकतो, सांगायलाच पाहिजे. केस टाकावी का, जिंकेल का, तडजोड करावी का, हे वकिलाचे काम. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वकिलालाच आहे, आणि तो नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वीस वर्षे फायली हाताळल्या की मुन्शीला वाटायला लागते, वकीलसाहेबांपेक्षा आपल्यालाच जास्त कळते. कधी कधी ते खरेही असते! पण सल्ला चुकला तर पक्षकार दाद कोणाकडे मागणार? वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे जाता येते, मुन्शीविरुद्ध कुठे जाणार?

मग त्या ताईने सल्ला कोणाकडे घ्यावा? वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि जे आहेत ते दादाच्या खिशात आहेत. तिच्यासाठीच विधिक सेवा आहे. १९८७ चा कायदा आहे, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यात महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न किती हे बघितले जात नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, कोठडीतल्या माणसालाही मिळतो. कोर्टाच्या आवारात विधिक सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. २००९ पासून पॅरालीगल व्हॉलंटिअरची योजना आहे. गावातलीच शिकली-सवरलेली माणसे, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक, यांना शिकवून तयार करतात आणि ओळखपत्र देतात. त्यांनी पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, त्यांना ठरलेले मानधन समितीकडून मिळते. त्यांचे काम माणसाला योग्य दारापर्यंत नेणे. दारातून आत ढकलणे नाही, आणि दारातच अडवून ठेवणे तर नाहीच.

आता तोंड बंद ठेवण्याबद्दल. पांढुर्णा लहान गाव. कोणाच्या सुनेने खर्चापाण्याची केस टाकली, कोणाच्या मुलाला नोटीस आली, कोणाची बाग गहाण पडली, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर येते. कुठून येते? भिंतीला कान असतात म्हणतात, पण फाइल भिंतीजवळ नसते, आमच्या टेबलावर असते. वकिलाने पक्षकाराची गोष्ट फोडायची नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तेच बंधन मुन्शीवरही आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ वकिलासाठी होते आणि कलम १२७ ने तेच दुभाष्याला आणि वकिलाच्या कारकुनाला लावले होते. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम १३२ मध्येही वकिलाच्या जोडीला दुभाषी, कारकून आणि कर्मचारी आहेत. नोकरी सुटली तरी बंधन सुटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने हा कायदा लिहिला, त्याला मुन्शीची किंमत कळली होती असे म्हणायला हरकत नाही. आम्हाला तर तो मान वाटतो. कायद्याने वकिलाच्या शेजारी आम्हाला बसवले ते याच एका बाबतीत.

याला अपवाद आहेत. पक्षकार गुन्हा करण्यासाठी मदत मागत असेल, तर ते गुपित गुपित राहत नाही. काम हातात घेतल्यावर डोळ्यांसमोर फसवणूक होताना दिसली, तर तिलाही संरक्षण नाही. "मुन्शीजी, मागची तारीख टाकून करारनामा करून द्या" हे पक्षकाराचे गुपित नव्हे, तो फसवणुकीचा बेत आहे.

आणि मोबाइल. ऑर्डरशीटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणे हे आता टपरीवरच्या गप्पांइतके सोपे झाले आहे. त्यात अत्याचाराची बळी ठरलेली बाई किंवा लहान मूल असेल, तर नाव फोडणे हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्यातही वेगळी तरतूद आहे. नाव न लिहिता "अमक्या गल्लीतली, तमक्याची मुलगी" लिहिले तरी ओळख फुटतेच. आपल्या गावात गल्ली सांगितली की नाव सांगायची गरज पडत नाही.

तामीलवाल्यांबद्दल दोन शब्द बोलले नाहीत तर अन्याय होईल. समन्स पोचवणे हे हलके काम समजतात. पण आपल्या किती घरांतली मुले नागपूरला आहेत, पुण्याला आहेत! गावचे घर कुलूपबंद. तामीलवाला तिथे न जाताच "पक्षकार घरी मिळाला नाही, नोटीस दाराला चिकटवली" असा रिपोर्ट लिहितो, पंच म्हणून नेहमीची दोन नावे टाकतो. तारखेला पक्षकार हजर नाही, एकतर्फी निकाल होतो. दोन वर्षांनी मुलगा पोळ्याला गावी येतो आणि बघतो, खसऱ्यात नाव दुसऱ्याचे. एकतर्फी निकाल रद्द करून घेता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ मध्ये सोय आहे, पण त्यासाठी पुन्हा वकील, पुन्हा पेशी, पुन्हा रेल्वेचे तिकीट. एका खोट्या ओळीची किंमत दुसऱ्याच माणसाने भरायची. न्यायाधीशांनी डोळ्यांनी बघितलेले नसते, ते आमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवतात. जो तामीलवाला पावसात चिखल तुडवत जाऊन खरा रिपोर्ट आणतो, त्याचा सत्कार अजून कोणत्या मंडळाने केलेला आम्ही ऐकला नाही.

पैशाचे बोलायला पाहिजे. मेहनतीचा पैसा घेण्यात काही गैर नाही. टायपिंगचे, लिहून देण्याचे, धावपळीचे जे ठरले ते आधी सांगावे आणि पावती द्यावी. सरकारी शुल्क वेगळे सांगावे, आपली मजुरी वेगळी सांगावी. घोटाळा होतो तो "साहेबांना द्यावे लागतात" या वाक्याने. ते वाक्य बाहेर बोलले जाते आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या नावावर किती पैसे गोळा झाले, याचा हिशेब आम्हालाच कधी मिळाला नाही! गमतीचा भाग सोडा. सरकारी माणसावर वजन टाकतो म्हणून पैसे घेणाऱ्या तिऱ्हाइतालाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७-क खाली तीन ते सात वर्षे कैद आहे. साहेबांपर्यंत पैसे पोचले की नाही, यावर त्याची सुटका होत नाही. २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार आहे. ज्याला जबरदस्तीने द्यावे लागले त्याने सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. आणि कोर्टाच्या दारात गिऱ्हाईक गाठणारे जे दलाल असतात, त्यांच्यासाठी ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ४५-क आले आहे. जिल्हा न्यायाधीश आणि कलेक्टर दलालांची यादी लावू शकतात. मुन्शीने केस आणावी आणि वकिलाने फीमधून वाटा द्यावा, हेही चालत नाही. वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

लोकांनीही एक सवय लावून घ्यावी. लोकसेवा हमीचा कायदा २०१० साली आपल्याच राज्याने केला. अर्ज दिला की पावती मिळते, तिच्यावर काम कधीपर्यंत होईल ती तारीख असते. ती पावती घरी नेऊन देवघरात ठेवू नका. तारीख उलटली की घेऊन या. पावती घेऊन आलेल्या माणसाला "साहेबांना द्यावे लागतात" म्हणायची हिंमत सहसा होत नाही.

शेवटचा मुद्दा अंगठ्याचा. स्टॅम्पपेपरचा काळ आपण पाहिला आहे. जुन्या तारखेचा स्टॅम्प कपाटात जपून ठेवणारे होते. खानापूरच्या तेलगीने तर स्टॅम्पच खोटे छापले आणि कित्येक राज्यांत विकले. त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली. आता आपल्या राज्यात ई-स्टॅम्प आहे, रजिस्ट्री 'संपदा' प्रणालीवर होते, मागची तारीख टाकायची सोय राहिली नाही. पण अंगठ्याच्या जागी आता ओटीपी आला आहे. म्हातारी बाई मोबाइलच टेबलावर ठेवते आणि म्हणते, "भाऊ, तूच बघ काय आला आहे तो नंबर." आणि भाऊ बघतो. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा घेणे पाप समजत होते. आजचा ओटीपी हा कोऱ्या कागदावरचाच अंगठा आहे, कारण तो देताना समोरचा कागद तिला दिसतही नाही. सेवा प्रदात्याने आणि केंद्रातल्या मुलांनी पक्षकाराचा मोबाइल हातात घेऊ नये. नंबर तिने वाचावा, आणि वाचण्याआधी तिला सांगावे की हा नंबर दिला की काय होणार आहे. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्याची सेवाही कोणी देऊ नये. प्रेमाने देतात हे मान्य, पण देऊ नये.

मंडळाला आमची एक विनंती आहे. या दहा दिवसांत आरतीच्या आधी दोन तास मंडपात एक टेबल टाकावे. विधिक सेवा समितीला पत्र दिले तर तिथे स्वयंसेवक मिळू शकतील, एखादे वकीलसाहेबही तास-अर्धा तास येतील. लोकांनी घरी आलेला हिंदी कागद आणावा, नोटीस असो, नामांतरणाचा इश्तहार असो, बँकेचे पत्र असो, आणि तो तिथे मराठीत समजावून घ्यावा. भगिनींसाठी टेबल थोडे आडोशाला असावे, आणि तिथे एक महिला स्वयंसेवक असावी. नाव विचारायचे नाही, रजिस्टर ठेवायचे नाही, फोटो काढायचा नाही. सही तर कोणाचीही घ्यायची नाही. फक्त वाचून दाखवायचे. आणि येताना मूळ कागद घरीच ठेवावा, झेरॉक्स आणावी. मंडपात गर्दी असते, पाऊसही या दिवसांत सांगून येत नाही.